ज्यांना यशाची तळमळ सर्वांत जास्त, त्यांनाच परीक्षेची धास्ती सर्वांत जास्त का वाटते?

सरावपाटी (प्रश्न)

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. प्रेरणा, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास आणि परीक्षेची भीती या तिन्हींचा परस्परांशी नेमका काय संबंध आहे, हे कोडे बऱ्याच काळापासून माझ्या मनात आहे. या विषयाचा अभ्यास असलेली मंडळी येथे आहेत, म्हणून ते जरा सविस्तर मांडते.

माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी अतिशय मन लावून अभ्यास करते. वर्गात विचारले तर उत्तर देतेच, शिवाय शेजारच्या मुलीला तीच संकल्पना स्वतःच्या शब्दांत समजावून सांगते. परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिका हातात पडताच तिचे हात गार पडतात, पहिल्याच प्रश्नाची ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राहते, आणि आरशाच्या सूत्रात नाभीय अंतराचे चिन्ह लिहिताना, जिथे ती एरवी कधी चुकत नाही, नेमकी तिथेच चुकते. त्याच वर्गात एक मुलगा आहे, त्याला गुणांचे काही सोयरसुतक नाही. तो निवांत येतो, येते तेवढे लिहितो आणि वेळेआधी उत्तरपत्रिका देऊन निघून जातो. या दोघांकडेच पाहिले तर तळमळ हेच भीतीचे मूळ आहे, असे कोणालाही वाटेल. पण तिसरी एक मुलगी आहे. ती पहिलीइतकीच कष्टाळू आहे, तिलाही उत्तम गुण हवे आहेत, आणि तरीही ती परीक्षेत स्थिर असते. एखादा प्रश्न अडला तर ती त्याच्यापुढे खूण करते आणि पुढे जाते.

पहिल्या मुलीच्या घरची मंडळी तिला धीर द्यावा म्हणून रोज सांगतात, की तू हुशार आहेस, तुला सगळे येते. एकदा ती मला म्हणाली, “सगळ्यांना वाटतं मला येतं. मग नाही आलं तर?” तिच्या या वाक्यामुळेच मी हा प्रश्न विचारते आहे. प्रेरणा वाढली की भीतीही वाढते का? विश्वास वाढल्यामुळे भीती कमी होते, की भीती कमी झाली म्हणजे विश्वास वाढतो? आणि शिकण्याची ओढ जराही कमी न करता भीती कमी करायची असेल, तर शिक्षकाने नेमके काय करावे?

मनोव्यापार

आपण तीन विद्यार्थ्यांची जी तुलना केली आहे तिच्यातच बरेचसे उत्तर आहे. मी शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे संशोधनाच्या बाजूने थोडे लिहितो.

परीक्षेच्या चिंतेचे पद्धतशीर मोजमाप १९५२ साली जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांच्या प्रश्नावलीपासून सुरू झाले असे साधारणतः मानले जाते. १९६७ साली रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस यांनी या चिंतेचे दोन घटक वेगळे केले. पहिला घटक मनात चालणाऱ्या विचारांचा आहे: ‘जमणार नाही’, ‘बाकी सगळे भराभर लिहीत आहेत’, ‘घरी काय सांगायचे’. दुसरा घटक शरीराचा आहे: धडधड, घाम, गार पडलेले हात, पोटात आलेला गोळा. आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो दुसरा घटक, म्हणून आपण त्यालाच भीती समजतो. गुणांवर अधिक परिणाम करतो तो मात्र पहिला घटक, हे त्यानंतरच्या अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. याचे कारण समजण्यासारखे आहे. गणित सोडवताना अर्धवट उत्तर, चिन्ह आणि पुढची पायरी हे सारे ज्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवावे लागते, तिची जागा फार मर्यादित असते, आणि चिंतेचे विचार तीच जागा व्यापतात; जणू त्याच बाकावर दुसरे कोणी बसून कानाशी सतत बोलत असावे. आपल्या विद्यार्थिनीला चिन्हांचा नियम ठाऊक नाही असे नाही. तो लक्षात ठेवण्यासाठी लागणारी जागा त्या क्षणी मोकळी नसते, एवढेच.

आता प्रेरणेविषयी. राइनहार्ड पेकरून या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली जी मांडणी केली, ती येथे फार उपयोगी पडते. एखाद्या परीक्षेविषयी कोणती भावना निर्माण होईल हे दोन गोष्टींवर ठरते, असे ते म्हणतात. एक, त्या परीक्षेचे फळ मला किती महत्त्वाचे वाटते. आणि दुसरी, ते फळ माझ्या हातात आहे असे मला किती वाटते. आपल्या निवांत मुलाच्या बाबतीत महत्त्वच कमी आहे, त्यामुळे चिंतेला आधारच उरत नाही. तिसऱ्या मुलीला महत्त्व पुरेपूर वाटते, पण गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत असेही तिला वाटते, म्हणून तिच्या मनात चिंतेऐवजी उमेद दिसते. पहिलीच्या मनात महत्त्व अफाट आहे आणि आवाक्याविषयी मात्र शंका आहे. चिंता वाढते ती याच जोडीमुळे. तेव्हा नुसती तळमळ भीती निर्माण करते असे म्हणता येणार नाही. मात्र क्षमतेविषयीची शंका तशीच ठेवून कोणी फक्त तळमळ वाढवत नेली, म्हणजे ‘हे वर्ष आयुष्याचे आहे’, ‘आता नाही तर कधीच नाही’ असे दिवसरात्र ऐकवत राहिले, तर तो माणूस नकळत भीतीच वाढवत असतो.

प्रेरणेचे प्रमाण आणि प्रेरणेची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते. एक विद्यार्थी काही मिळवण्यासाठी धडपडतो, दुसरा काही टळावे म्हणून. दोघेही पहाटे उठतात, दोघांच्याही वह्या भरलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. अँड्र्यू एलियट आणि हॉली मॅकग्रेगर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘इतरांपेक्षा कमी ठरू नये’ हे ज्यांचे ध्येय होते, त्यांच्या मनात परीक्षेच्या वेळी चिंतेचे विचार अधिक होते, आणि त्या विचारांच्या वाटेनेच त्यांची कामगिरी खालावलेली दिसली. विषय समजून घेण्याचे ध्येय असलेल्यांत तसे आढळले नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचे काम याला पूरक आहे. आपण हे स्वतःहून करतो आहोत, आपल्याला हे जमते आहे आणि आपण आपल्या माणसांत आहोत, या तीन गरजा जिथे भागतात तिथे प्रेरणा टिकते, असे ते सांगतात. आपल्या विद्यार्थिनीला शेजारच्या मुलीला समजावून सांगताना या तिन्ही गोष्टी मिळतात, आणि म्हणूनच तिथे ती अडखळत नसावी, असा माझा तर्क आहे.

राहिला विश्वासाचा प्रश्न. अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली ज्या विश्वासाची संकल्पना मांडली, तो ‘मी हुशार आहे’ असा सर्वसाधारण विश्वास नाही. ‘दिलेल्या वेळात, पुस्तक न पाहता, मी अशा प्रकारचे उदाहरण सोडवू शकेन’ असा तो नेमक्या कामाविषयीचा विश्वास आहे. त्यांच्या मते तो चार मार्गांनी तयार होतो. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव हा सर्वांत बळकट मार्ग. आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना पाहणे हा दुसरा, इतरांनी शब्दांनी दिलेला धीर हा तिसरा, आणि आपल्या शरीराच्या अवस्थेचा आपण काय अर्थ लावतो हा चौथा. घरची मंडळी केवळ तिसऱ्या मार्गावर भिस्त ठेवून आहेत, आणि पहिल्या मार्गाचा आधार नसेल तर हा मार्ग फार दुबळा ठरतो. शिवाय ‘तू हुशार आहेस’ या वाक्यात एक जोखीम असते. त्यानंतर परीक्षा केवळ प्रकाशाच्या परावर्तनाची राहत नाही, ती त्या मुलीच्या हुशारीची होऊन बसते. तिने आपल्याला विचारलेला प्रश्न याच जोखमीविषयीचा आहे, आणि तो अगदी रास्त आहे.

विश्वास आधी की भीती आधी, याचे एका बाजूचे उत्तर देता येत नाही. भीतीमुळे पेपर बिघडतो, बिघडलेला पेपर विश्वास खच्ची करतो आणि खचलेला विश्वास पुढच्या परीक्षेची भीती वाढवतो. हे चक्र कुठेही तोडले तरी चालते, पण ‘काम पार पाडल्याचा अनुभव’ या ठिकाणी ते तोडणे शिक्षकाच्या हातात सर्वांत जास्त असते.

त्रैराशिक

मनोव्यापार सरांनी शेवटी जे लिहिले आहे तिथूनच पुढे लिहितो, कारण मी गणित शिकवतो आणि असा अनुभव कसा घडवायचा हा माझा रोजचा प्रश्न आहे.

पहिली अडचण अशी, की घाबरणाऱ्या विद्यार्थ्याचा स्वतःविषयीचा अंदाजच चुकीचा असतो आणि तो कधी तपासलाच जात नाही. म्हणून मी सराव चाचणीत एक साधी गोष्ट करायला सांगतो. प्रश्न वाचून झाला, की सोडवायला सुरुवात करण्याआधी समासात पेन्सिलीने लिहायचे: या प्रश्नाला मला किती गुण मिळतील असे वाटते. चाचणी तपासून झाल्यावर त्या अंदाजाशेजारी मिळालेले गुण लिहायचे. काही आठवड्यांत त्या समासात एक चित्र उभे राहते. घाबरणाऱ्या मुलांच्या समासात पाचपैकी दोन, पाचपैकी एक असे अंदाज असतात आणि शेजारी चार किंवा पाच गुण असतात. मी त्यांना ‘तुला येते’ असे म्हणत नाही. वही पुढे ठेवतो आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचायला सांगतो. स्वतःच्या हस्ताक्षरातला पुरावा नाकारणे अवघड जाते. उलट काही मुलांच्या समासात सगळीकडे पाचपैकी पाच असतात आणि शेजारी दोन. त्यांना धीराची नव्हे, अभ्यासाची गरज असते, आणि तेही त्यांना तिथेच दिसते.

या दुसऱ्या गटाकडे दुर्लक्ष करू नये असे मला फार वाटते, कारण पोकळ विश्वास ऐन परीक्षेत कोसळतो आणि मग तोच मुलगा पुढच्या वेळी घाबरणाऱ्यांत जाऊन बसतो. पोकळ विश्वास येतो कुठून, याचे एक कारण अभ्यासाच्या पद्धतीत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते. विशेष म्हणजे आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होती. सोडवलेले उदाहरण समोर ठेवून ते वाचत गेले की प्रत्येक पायरी पटते, आणि पटलेली पायरी आपल्याला सुचलीही असती असा समज होतो. कोरे पान समोर आले की तो समज टिकत नाही, आणि मुले म्हणतात, “सगळं येत होतं, ऐन वेळी विसरलो.” पुष्कळदा ते विसरलेले नसते; ते आठवण्याचा सराव कधी झालेलाच नसतो.

दुसरी गोष्ट चुकांच्या वर्गवारीची आहे. घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा की गुण कुठे गेले, तर उत्तर एकच येते: “मला गणित येत नाही.” मी त्याला लाल शेऱ्यांपुढे एकेक अक्षर लिहायला लावतो. मुळात माहीत नव्हते, माहीत होते पण हातून निसटले, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. या प्रत्येकासाठी एक अक्षर. वर्गसमीकरणाच्या उदाहरणात सूत्र बरोबर, किमती बरोबर, आणि ऋण संख्येचा वर्ग ऋण लिहिलेला असेल, तर ती ‘निसटलेली’ चूक आहे. तिच्यावर उपाय आहे: वर्ग करताना संख्या कंसात लिहायची. ‘मला गणित येत नाही’ यावर कोणाकडेच उपाय नसतो. चूक जितकी नेमकी दिसते तितकी ती आटोक्यातली वाटते, आणि वर जे ‘हातात असणे’ सांगितले आहे ते माझ्या समजुतीप्रमाणे हेच.

सराव मात्र खऱ्या परीक्षेसारखा असला पाहिजे. प्रकरणाचे नाव वर लिहिलेले नसावे, निरनिराळ्या प्रकरणांतील प्रश्न मिसळलेले असावेत, घड्याळ समोर असावे. ज्या परिस्थितीत विश्वास हवा आहे त्याच परिस्थितीत तो मिळवावा लागतो.

अंतिमवर्ष

मी अजून विद्यार्थी आहे आणि परीक्षेत घाबरणाऱ्यांपैकीच आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहिण्याचे धाडस करतो. वरील दोन्ही सरांचे बहुतेक म्हणणे मला पटले. घड्याळ लावून घेतलेल्या चाचण्यांविषयी मात्र माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या एका वर्गात दर आठवड्याला चाचणी होत असे आणि गुण सर्वांसमोर चढत्या क्रमाने वाचून दाखवले जात. आपले नाव आता येईल या धास्तीने मी बाकाची कडा घट्ट धरून बसत असे. त्या चाचण्यांतून माझा सराव झाला असेल, पण त्या विषयाचे पुस्तक उघडले की मला आधी ती यादी आठवू लागली. तोपर्यंत तोच विषय मी आवडीने, अभ्यासक्रमाबाहेरचाही वाचत असे. नंतर परीक्षेत येणार नसेल ते मी वाचेनासा झालो. त्रैराशिक सरांच्या पद्धतीत अंदाज आणि गुण यांची तुलना विद्यार्थ्याच्या वहीतच राहते. माझ्या मते तिचा खरा उपयोग त्यामुळेच होतो. तीच तुलना फळ्यावर लिहिली गेली तर घाबरणारा विद्यार्थी अंदाजसुद्धा खरा लिहिणार नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. सरावपाटी मॅडम, आपण ज्या निवांत मुलाविषयी लिहिले आहे, त्याला खरोखरच काही वाटत नाही असे गृहीत धरू नये, अशी माझी विनंती आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘मी पुस्तक उघडलंच नाही’ असे सर्वांना सांगत फिरणारी काही मुले मी जवळून पाहिली आहेत. अभ्यास करूनही कमी गुण मिळाले तर आपली कुवतच कमी आहे असे ठरेल. अभ्यासच केला नाही म्हटले की तो प्रश्न उरत नाही. त्यांच्या मनात जे चाललेले असते ते माझ्यापेक्षा फार वेगळे नसते. मला रात्री झोप लागत नाही, आणि ते अभ्यासाला बसतच नाहीत.

मनोव्यापार

अंतिमवर्ष यांनी शेवटी जे लिहिले आहे त्याला संशोधनाचा आधार आहे. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्गलास यांनी १९७८ साली हीच वागणूक वर्णन केली होती. अपयश आलेच तर त्याचे कारण आपल्या कुवतीत शोधले जाऊ नये, म्हणून माणूस स्वतःच्या वाटेत आधीच अडथळा उभा करून ठेवतो. त्यामुळे माझ्या पहिल्या उत्तरात मी त्या मुलाविषयी जे लिहिले ते एक शक्यता म्हणून वाचावे. त्याला परीक्षेचे महत्त्व कमी वाटत असेल, किंवा महत्त्व पुष्कळ वाटत असेल आणि विश्वास इतका कमी असेल की तो मैदानातच उतरत नाही. या दोहोंतील फरक गुणपत्रिकेवरून कळत नाही. त्याला एखादे बेताचे काम एकट्याने, कोणी न पाहता करायला दिले आणि तो त्यात रमला, तर दुसरी शक्यता अधिक समजावी.

सरावपाटी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. समासातील अंदाज आणि चुकांपुढची अक्षरे मी याच आठवड्यापासून सुरू करते, आणि अंतिमवर्ष यांनी सांगितल्याप्रमाणे ते आकडे माझ्या आणि त्या विद्यार्थ्याच्या पलीकडे जाणार नाहीत याची काळजी घेईन.

दोन प्रश्न उरतात. ही सारी महिनोन्महिन्यांची कामे आहेत. पण परीक्षेच्या दिवशी, दालनाबाहेर ती मुलगी गार हातांनी उभी असते तेव्हा मी तिला काय सांगावे? ‘घाबरू नकोस’ असे म्हटल्याने काही होत नाही हे मी पाहिले आहे. आणि ही भीती शिक्षकाच्या आवाक्याबाहेर गेली आहे हे केव्हा ओळखावे?

समुपदेशक

मी विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे.

परीक्षेपूर्वीची धडधड, एखाद्या रात्रीची अपुरी झोप, पेपर सुरू झाल्यावर काही मिनिटांत ओसरणारी घालमेल या गोष्टी नेहमीच्या आहेत. पण झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, परीक्षेच्या दिवशी उलट्या होत असतील किंवा श्वास कोंडत असेल, मूल परीक्षाच टाळू लागले असेल, आवडीच्या गोष्टींतूनही त्याचे मन उडाले असेल, तर मानसोपचाराच्या तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. आणि जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलेच बरे, असे शब्द कधी गमतीनेही कानावर आले, तर त्याच दिवशी, मुलाला एकटे न सोडता मदत घ्यावी. असे शब्द ऐकल्यावर त्याला थेट आणि शांतपणे विचारण्यास कचरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे.

या टोकाला न गेलेल्या मुलांविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. रे हेम्ब्री यांनी १९८८ साली परीक्षेच्या चिंतेवरील ५६२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. चिंता कमी केली असता गुणही सुधारतात, असे त्यात दिसले. मात्र केवळ अभ्यासाची कौशल्ये शिकवून चिंता कमी होत नाही, त्या जोडीला चिंतेवर थेट काम करणारा एखादा उपाय लागतो, असेही दिसले. म्हणून त्रैराशिक सरांची पद्धत मला अत्यंत मोलाची वाटते, पण ज्या मुलीचे हात गार पडतात तिच्यासाठी तेवढीच पुरेल असे मी मानत नाही. मनात येणारा विचार ओळखणे, तो कागदावर उतरवणे, तो कितपत खरा आहे हे तपासणे आणि शरीर सैल सोडण्याचा सराव करणे, हे तिला परीक्षेच्या कितीतरी आधी, निवांत दिवसांत शिकवावे लागेल.

आता दालनाबाहेरच्या पाच मिनिटांविषयी. ‘शांत हो’ ही त्या वेळी पाळता येण्यासारखी सूचना नव्हे. धडधडणारे हृदय आज्ञेने थांबत नाही, आणि ते थांबले नाही म्हणून मूल आणखी घाबरते. त्यापेक्षा त्या धडधडीचा अर्थ बदलणे सोपे जाते. जेरेमी जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना, परीक्षेच्या वेळी शरीराला येणारी ही उत्तेजना कामगिरीला मदतही करू शकते, एवढे सांगितले गेले. ज्यांना हे सांगितले नव्हते त्यांच्यापेक्षा या विद्यार्थ्यांनी गणिताच्या भागात अधिक गुण मिळवले. मनोव्यापार सरांनी सांगितलेला चौथा मार्ग तो हाच. तिला म्हणावे, “हात गार पडले आहेत ना, म्हणजे शरीर कामाला लागलं आहे. तू तुझं काम सुरू कर.” सोबत श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवायला सांगावे.

परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर उतरवण्याचा उपायही आपल्या वाचनात येईल. जेरार्डो रामिरेझ आणि सिआन बायलॉक यांच्या २०११ सालच्या अभ्यासात त्याचा ठळक फायदा दिसला होता, मात्र २०१८ साली जेव्हा तोच प्रयोग पुन्हा करण्यात आला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. एखाद्या मुलीला लिहून बरे वाटत असेल तर तिला जरूर लिहू द्यावे, पण त्यावर विसंबून राहू नये.

दालनात गेल्यावर काय करायचे हे तिच्या हाताला आधीपासून ठाऊक असावे, म्हणजे तिथे तिला ठरवावे लागणार नाही. पहिला प्रश्न पहिल्यांदाच सोडवला पाहिजे असे नाही. संपूर्ण प्रश्नपत्रिका एकदा वाचावी, जो प्रश्न हमखास येतो त्याच्यापासून सुरुवात करावी, आणि कोऱ्या कागदावर सूत्रे व चिन्हांचे नियम आधीच उतरवून ठेवावेत. एकदा ते कागदावर आले, की स्मृतीवरचा तेवढा भार कमी होतो. आपल्या तिसऱ्या विद्यार्थिनीची खूण करून पुढे जाण्याची सवयसुद्धा शिकवता येते. सराव चाचणीत मुद्दाम एक न येणारा प्रश्न घालावा आणि तो सोडून पुढे जाण्याचाच सराव करून घ्यावा. शक्य असल्यास ते तिसरीनेच पहिलीला करून दाखवावे. बरोबरीच्या मुलीने केलेले पाहिले की ते जमण्यासारखे वाटते.

घरच्या मंडळींशी बोलताना त्यांना दोष देऊ नये. ते प्रेमापोटीच बोलत असतात. त्यांना एवढेच सुचवावे, की ‘तू हुशार आहेस’ याऐवजी जे प्रत्यक्ष पाहिले तेच बोलावे: “काल आरशाची चारही उदाहरणं तू पुस्तक न बघता सोडवलीस.” हे वाक्य खोटे ठरण्याची भीती त्या मुलीला वाटणार नाही, कारण ते घडून गेलेले आहे. पेपर देऊन आल्यावर किती गुण मिळतील असे त्यांनी विचारू नये. तिने स्वतःहून एखाद्या प्रश्नाचा विषय काढला तर तो जरूर ऐकून घ्यावा, आणि नाही काढला तर दुसऱ्या पेपरच्या तयारीआधी तिला जेवू आणि झोपू द्यावे.